बंगल्याला वाट दाखवणारं मशीन

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांचं एक दुखणं आहे. बऱ्याच गावांना दुसरीकडं कुठंतरी एक नावाजलेला जुळा भाऊ आहे. आमचं सेनगाव म्हटलं की बाहेरचा माणूस शेगाव ऐकतो आणि हात जोडतो. बाळापूर म्हटलं की अकोल्याकडचं बाळापूर धरतो, म्हणून आम्ही बिचारे आखाडा बाळापूर म्हणतो. औंढ्याचं तो पुण्याजवळचं औंध करतो, आणि सिद्धेश्वर म्हटलं की थेट सोलापूर गाठतो. माणसाची अशी गफलत झाली तर चहा पिता पिता दुरुस्त करता येते. मशीनची झाली तर काय होतं, ते मी पन्नास फूट लांब गाडीनिशी बघितलेलं आहे.

मी ड्रायव्हर. हिंगोलीतल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात माझी सगळी नोकरी गेली. नव्वदच्या दशकात आमच्याकडं एक जीप होती. तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा नव्हती, परभणीचा तालुका होती. जीपमध्ये डॉक्टर, नर्स, तपासणीची पेटी आणि सतरंज्या घालायच्या, गावोगाव शिबिरं घ्यायची, म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू शोधायचे आणि ज्यांचं ऑपरेशन करायचं त्यांना दवाखान्यात आणायचं. मुक्काम शाळेच्या खोलीत. रस्ता विचारायचा तर पारावरच्या माणसाला. तो सांगायचा, "इथून सरळ जा, जिथं वाटंल की चुकलो, तिथून उजवीकडं." आणि ते बराबर निघायचं. असे सगळे रस्ते मी एका वहीत लिहून ठेवले होते. त्या वहीचा मला जरा जास्तच माज होता, हे आधीच कबूल करतो.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी परदेशातल्या एका दानशूर जोडप्यानं आमच्या संस्थेला आपली घरगाडी भेट दिली. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. तिला स्वतःचं इंजिन नसतं, दुसऱ्या गाडीच्या मागं हूक लावून ओढावी लागते. आत चार माणसांना झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, संडास, आणि लोकरीचे कोट अडकवायला एक कपाट. हिंगोलीच्या उन्हाळ्यात ते कपाट फार उपयोगी पडलं. आम्ही त्यात झाडू ठेवायचो. केक भाजायच्या भट्टीत पेशंटचे कागद ठेवले. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून दार उजव्या अंगाला. म्हणजे आमच्याकडं दार उघडलं की म्हातारं माणूस थेट येणाऱ्या एसटीच्या पुढ्यात उतरणार. तरी उद्घाटनाच्या भाषणात पाहुणे म्हणाले की ही गाडी ग्रामीण भागाचा विचार करूनच बनवलेली दिसते.

गावातल्या लोकांनी तिचं नाव ठेवलं बंगला. बंगला ओढायला एक मजबूत ट्रक घेतला आणि ट्रकवर मला बसवलं.

ज्यांनी असलं काही ओढलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रेलर घेऊन पुढं जाणं अवघड नाही. अवघड आहे मागं येणं. रिव्हर्स घेताना स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं जातो. जरा जास्त फिरवलं तर ट्रक आणि ट्रेलर घडीच्या चाकूसारखे मिटतात आणि मग ते सोडवायला गाव गोळा होतं. म्हणून ट्रेलरवाला कधीच विचारत नाही की रस्ता कुठं जातो. तो विचारतो, रस्त्यावर गाडी फिरवायला जागा कुठं आहे, विजेच्या तारा किती खाली आहेत, पुलाचे कठडे किती अंतरावर आहेत. बाकीच्यांना जवळचा रस्ता पाहिजे असतो, आम्हाला परत येता येईल असा.

आमचे मॅनेजर देशमुख साहेब पुण्यातलं एक प्रदर्शन बघून आले आणि म्हणाले, "खिल्लारे, आता वह्या बंद. गाडीला वाट दाखवणारं मशीन बसवायचं. उपग्रहावरून चालतं."

मी म्हणालो, "साहेब, उपग्रहाला सेनगावच्या नाल्यावरचा पूल दिसतो का?"

"उपग्रहाला सगळं दिसतं," साहेब म्हणाले.

मशीन निवडायला समिती नेमली. समितीत साहेब, डॉक्टर, आमच्या सुमनताई नर्स आणि मी. मला घेतलं कारण गाडी मी चालवायचो. माझं ऐकायचं असं काही ठरलं नव्हतं. पुण्याहून टाय लावलेला एक विक्रेता तीन मशीनं घेऊन आला आणि आम्ही जीपमध्ये बसून एकेकाची परीक्षा घेतली.

पहिलं मशीन लहान आणि चपळ. त्याला सेनगाव सांगितलं. त्यानं क्षणात रस्ता काढला आणि आम्हाला वाशीमकडं न्यायला निघालं. सुमनताईंनी चष्मा लावून पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "हे शेगावला घेऊन चाललंय."

विक्रेता म्हणाला, "मॅडम, बहुतेक लोक तिकडंच जातात."

दुसरं मशीन भलं मोठं. रंगीत पडदा, त्यावर गाणी दिसायची, टीव्ही दिसायचा आणि एक बाई फार अदबीनं हिंदी बोलायची. ती आम्हाला सेनगावला घेऊन गेली खरी, कारण त्या रस्त्यावर वळायला दुसरीकडं कुठं जागाच नव्हती. मी विक्रेत्याला विचारलं, "याच्यात ट्रेलरची लांबी, उंची कुठं टाकायची?"

"काका, गाडी ती गाडी. मशीनला काय फरक पडतो?"

"मशीनला न्हाई पडत," मी म्हणालो.

तिसरं मशीन ओबडधोबड, मुठीएवढं, काळं-पांढरं. जमीन मोजणारे लोक वापरतात तसलं. त्याला एकही गाव माहीत नव्हतं, एकही रस्ता माहीत नव्हता, बोलता येत नव्हतं. आपण एखाद्या जागी जाऊन बटण दाबलं की तेवढी जागा ते लक्षात ठेवायचं, आणि पुढच्या वेळी तिकडं बाण दाखवायचं. विक्रेत्यानं ते लाजत लाजतच बाहेर काढलं. सुमनताई मात्र ते बराच वेळ हातात धरून बसल्या. म्हणाल्या, "हे बरं आहे. आपण दाखवू ते लक्षात ठेवतं, मनचं काही सांगत न्हाई."

माझं मत विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मला एकबी नको." हा माझा शहाणपणा. सुमनताईंच्या बाजूनं बोललो असतो तर दोघांचं मत वजनदार झालं असतं. मला मशीनच नको होतं, म्हणून चांगलंही नको होतं.

साहेबांनी दुसरं निवडलं. कारण अहवालात लिहिलं, 'अत्याधुनिक'. खरं कारण, फोटोत तेच उठून दिसत होतं. मशीनला हार घातला, नारळ फोडला, आणि साहेबांनी माझ्याकडं बघून सगळ्यांदेखत सांगितलं, "इथून पुढं मशीन सांगेल तोच रस्ता. स्वतःची अक्कल चालवायची नाही." तिसरं मशीन विक्रेत्यानं नमुना म्हणून आमच्याच कपाटात ठेवलं, कोणी विचारलं तर दाखवायला.

मशीन बसवल्यावरचं पहिलं मोठं शिबिर सिद्धेश्वर धरणाच्या पुढच्या एका वाडीत होतं. वाडी मशीनमध्ये नव्हतीच. साहेबांनी स्वतः जवळपासचं ठिकाण घातलं, सुदैवानं सोलापूरचं नाही. सकाळी आठला निघालो. केबिनमध्ये मी, डॉक्टर आणि सुमनताई, मागं बंगला. औंढ्यापर्यंत ती हिंदी बाई आणि माझी वही यांचं एकमत होतं. औंढ्याच्या पुढं एका ठिकाणी बाई म्हणाली, "आगे से दाएँ मुड़िए."

उजवीकडं कालव्याचा रस्ता होता. पाटबंधारे खात्याची जीप जायला केलेली मुरमाची पट्टी. एका अंगाला पाण्यानं भरलेला कालवा, दुसऱ्या अंगाला खोल उतार आणि खाली काळी जमीन. वाडीला जायचा आमचा रस्ता सरळ होता, धरणाच्या वसाहतीवरून, थोडा लांबचा. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या कालव्यावर पुढं दगडी खांबांमधून जायचा अरुंद पूल आहे, हेही ठाऊक होतं. वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं.

मी इंडिकेटर दिला.

सुमनताई म्हणाल्या, "खिल्लारे, हा आपला रस्ता न्हाई ना?"

"साहेबांचा हुकूम हाय. मशीन म्हणंल तसं."

डॉक्टर मागच्या शिबिराचे कागद वाचत होते. त्यांनी मानही वर केली नाही. सुमनताईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मला आतून गुदगुल्या होत होत्या. मनात चित्र तयार होतं: बंगला पुलापाशी अडकलाय, देशमुख साहेबांना फोन गेलाय, आणि मी शांतपणे म्हणतोय, तुमचं मशीन म्हणालं ना.

दोन किलोमीटरवर तो पूल आला. बंगला साडेआठ फूट रुंद आणि खांबांमध्ये अंतर आठ फूट. ट्रक थांबवला. बाई म्हणाली, "सीधे चलते रहिए."

डॉक्टर म्हणाले, "आता?"

आता मागं. दोन किलोमीटर, रिव्हर्समध्ये, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा. गुदगुल्या तिथंच संपल्या. डॉक्टर आणि सुमनताई खाली उतरून मागं चालायला लागले आणि हातानं खुणा करायला लागले. मी दोन हात मागं यायचो, थांबायचो, उतरून बघायचो, परत चढायचो. थांबलो की ती बाई अदबीनं म्हणायची, "जहाँ संभव हो, यू-टर्न लीजिए." तिला बंद कसं करायचं हे फक्त साहेबांना माहीत होतं, आणि मशीनचं पुस्तक त्यांनी घरी नेलं होतं.

अर्ध्यावर बंगल्याचं मागचं चाक कालव्याच्या कडेवरून घसरलं. सुमनताई ओरडल्या तेव्हा मी ब्रेक लावला. आतलं सगळं सामान एका अंगाला गेल्याचा आवाज आला, तपासणीच्या काचांचा सुद्धा. मी उतरलो आणि बघितलं. अजून एक हात मागं आलो असतो तर बंगला पाण्यात, आणि त्याच्या मागोमाग ट्रक, आणि ट्रकमध्ये मी. डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, "खिल्लारे, तुमची काही चूक नाही. घाबरू नका." ते वाक्य मला कालव्यापेक्षा खोल लागलं.

शेतातले लोक आले, ट्रॅक्टर आला, साखळी आली. एक जण म्हणाला, "ह्या वाटंनं तर आमी बैलगाडी बी आणत न्हाई. कोन सांगितलं तुमाला?" मी मशीनकडं बोट दाखवलं. तो मशीनकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, आणि साखळी बांधायला लागला.

दहाला सुरू होणाऱ्या शिबिराला आम्ही दुपारी चारला पोचलो. आलेली अर्धी माणसं परत गेली होती. अंधार पडायच्या आत होतील तेवढ्या तपासण्या केल्या. शेवटी सुमनताईंनी यादी काढली आणि एका नावाशी थांबल्या. कोंडाबाई. या बाईला मागच्या शिबिरातच सांगितलं होतं, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू फार पिकलाय, आता थांबू नका. तेव्हा तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून तिनं पुढच्या शिबिराचा वायदा केला होता. त्या दिवशी आम्ही तिला आमच्याबरोबरच हिंगोलीला नेणार होतो.

गावातली एक बाई म्हणाली, "आली व्हती की. सकाळपासून गाठोडं घेऊन बसली व्हती. तिच्या लोकांनी आज मेंढरं हलवली. दोनदा बोलवायला आले. तिसऱ्या बारीला गेली उठून."

"कुठं गेले?" सुमनताईंनी विचारलं.

"मेंढरंवाले. चारा दिसंल तिकडं."

परतताना, लांबच्या आणि बराबर रस्त्यानं, डॉक्टर झोपले होते. सुमनताई समोर बघत म्हणाल्या, "तुमाला ठाऊक व्हतं."

मी गिअर बदलला.

"मशीनला लाज न्हाई, खिल्लारे. ते काय करणार? तुमाला तर आहे ना?"

देशमुख साहेबांनी अहवालात 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं आणि ते मशीन स्वतःच्या कारमध्ये बसवून घेतलं. त्यावर गाणी छान वाजतात असं ऐकलं. मला कोणी एक शब्द बोललं नाही. उलट समितीच्या पुढच्या बैठकीत डॉक्टर म्हणाले की एवढा ट्रेलर वाचवला म्हणून खिल्लारेंचा सत्कार करावा. मी म्हणालो, नको. लोकांना वाटलं, केवढा हा साधेपणा.

सुमनताईंनी कपाटातून ते तिसरं, मुकं मशीन काढलं. बंगला गोडाऊनमध्ये ठेवून आम्ही दोघं जीप घेऊन शिबिराच्या सगळ्या गावांना फिरलो. मी वही वाचायचो, त्या बटण दाबायच्या. जिथं बंगला फिरवता येईल ती जागा, तारा खाली असलेली जागा, कठडे जवळ असलेले पूल. मशीनमध्ये नाव फक्त इंग्रजीत घालता यायचं, तेही जेमतेम सहा अक्षरं. त्यामुळं आखाडा बाळापूरचा आखाडा तेवढा राहिला. त्या फिरण्यात कळलं की माझ्या वहीतले सहा-सात रस्ते केव्हाच बदलले होते. एक पूल तर वाहूनच गेला होता आणि मी तिथं 'उत्तम' लिहिलेलं होतं. सुमनताईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी पान उलटलं.

आणि प्रत्येक फाट्यावर जीप थांबवून मी विचारायचो, "मेंढरं घेऊन कोणी गेलं का हिकडून? म्हातारी हाय संगं, कोंडाबाई नावाची." कोणी म्हणायचं कळमनुरीकडं, कोणी म्हणायचं परवाच गेले, कोणी नुसताच हात हवेत फिरवायचा. हे कुठल्याही मशीनमध्ये घालता येत नाही. आम्ही पोचायच्या आधी कळप हललेला असायचा. तिथं लेंड्या असायच्या आणि चुलीचे तीन दगड.

तीन महिन्यांनी सेनगावच्या अलीकडं, एका कापूस निघालेल्या रानात, त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, सापडला. सुमनताई त्या दिवशी नव्हत्या, मी एकटाच होतो. कोंडाबाई पालाच्या सावलीला नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. डाव्या डोळ्यावर पदर ओढलेला. सून म्हणाली, "लई ठणकला डोळा. रातभर वरडायच्या. आता ठणकत न्हाई. आता काहीच न्हाई त्याच्यात."

मी इतक्या वर्षांत डॉक्टरांकडून ऐकून ऐकून एवढं शिकलो होतो की मोतीबिंदू फार पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कायमची जाते. तरी मी वेड्यासारखं विचारलं, "उजव्यानं दिसतं का?"

"धुकट," कोंडाबाई म्हणाली. "कोन हाय हे?"

"मी दवाखान्याचा ड्रायव्हर, आई. तुमाला न्यायला आलो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ."

तिनं नातवाला सुनेकडं दिलं आणि गाठोडं मागितलं. बहुतेक तेच गाठोडं. मुलगा म्हणाला, मी बी येतो, आणि मागच्या सीटवर बसला. तिला मी पुढं बसवलं.

हिंगोलीच्या रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तुमचा रस्ता चुकला व्हता म्हनं."

"व्हय."

"मशीन चुकली म्हनं. वाडीतले लोक सांगत व्हते."

आतापर्यंत सगळ्यांनी हेच म्हटलं होतं आणि मी सगळ्यांना म्हणू दिलं होतं. अहवालातही तेच होतं. या बाईला खरं सांगून कोणाचा काही फायदा नव्हता, तिचा तर नाहीच. मागं तिचा मुलगा बसलेला. तरी मी जीप बाजूला घेतली.

"मशीन चुकली आई, पण मला बराबर रस्ता ठाऊक व्हता. साहेबांची जिरवायची म्हणून मी मुद्दाम तिकडून घातली गाडी. तुमी बसून राहिल्या असाल हे मनात आलं न्हाई."

मुलगा मागून काहीतरी बोलायला लागला. तिनं हात वर केला आणि तो थांबला. ती समोरच्या काचेकडं तोंड करून बसली. तिला त्या काचेतून काय दिसत होतं देव जाणे. एक ट्रक गेला, मग एक एसटी गेली.

"तुमच्या सायबाची जिरली का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

तिनं पदर डोळ्यावर नीट ओढून घेतला.

"मंग चला," ती म्हणाली. "आता तरी बराबर न्या."